शाळकरी मुलांनी सुचवलेली ठिकाणं: तुमच्या घरचं लेकरू पाहुण्याला काय दाखवेल?

वाईच्या_बाई

मी वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परिसर अभ्यासाच्या तासाला पाचवीच्या मुलांना एक काम दिलं होतं. लांबच्या गावाहून तुमच्याच वयाचा पाहुणा आलाय, हातात एकच दिवस आहे, तर त्याला कुठे न्याल आणि का? अटी दोनच. ठिकाण स्वतः पाहिलेलं हवं आणि कारण स्वतःचं हवं, पुस्तकातलं उतरवलेलं नको.

पाचगणी-महाबळेश्वर आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण वह्यांमध्ये ती नावं फारशी आलीच नाहीत. सगळ्यात जास्त मुलांनी मेणवलीची घंटा लिहिली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा, अंगावर १७०७ साल कोरलेलं. एका मुलाने लिहिलंय, "ती वाजली की कानात नाही, पोटात वाजते." दुसऱ्याने लिहिलंय, "ही आमच्या शाळेला दिली तर अख्ख्या तालुक्याची शाळा एकदम सुटेल."

त्याखालोखाल लिंब गावची बारामोटेची विहीर. एका मुलीचं कारण असं: "विहिरीच्या पोटात राजवाडा आहे. वर ऊन लागतं आणि आत गार वाटतं, आणि कबुतरं आपल्याला घाबरत नाहीत."

फिरायच्या जागांच्या याद्या आपण मोठी माणसं करतो. त्यात सूर्यास्त कुठून दिसतो, जेवण कुठे बरं मिळतं, गाडी कुठे लावायची, हे सगळं असतं. मुलं बघतात ते वेगळं: कशाला हात लावता येतो, आवाज कुठे घुमतो, कुठे गेल्यावर डोक्यात प्रश्न उभा राहतो. मला त्यांची निवड जास्त भरवशाची वाटते. म्हणून विनंती, आपापल्या घरातल्या, वर्गातल्या, शेजारच्या मुलांना हाच प्रश्न विचारा आणि त्यांच्याच शब्दांत इथे लिहा. जमलेलं सगळं मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

चिंगीची_आई

किती सुंदर धागा! लेक आत्ताच शाळेतून आली, लगेच विचारलं. उत्तर एका सेकंदात आलं: केळकर संग्रहालय, पुणे. कारण: "एका बाबांनी आपल्या मुलाच्या नावाने केलंय."

बरोबरच आहे तिचं. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला राजा दिनकर केळकर हे नाव मिळालं. वीस हजारांहून जास्त वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. तलवारी-चिलखतं आहेतच, पण माझी लेक थांबते ती अडकित्ते, दिवे, कुलपं आणि पाय घासायच्या वज्र्यांपाशी. वज्रीवर मोर का, हत्ती का, पायच तर घासायचे होते ना, हा तिचा प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही, तिनेच दिलं: "रोज बघायचं म्हणून छान केलं असणार."

एसटी_प्रेमी

वाचतोय. चिरंजीव सहावीत. त्यांचं उत्तर: "कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम. कारण तिथे रूळ बदलताना दिसतात." आम्ही एसटीवाले, आणि पोरगा रेल्वेवाला निघाला.

पुण्यातला_बाबा

प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या दोघांनीही मॉल सांगितला. पुन्हा विचारलं तर ट्रॅम्पोलीन पार्क. शहरातल्या मुलांकडून घंटा, विहिरी, लेणी अशी उत्तरं येतील असं मला वाटत नाही. बाईंची मुलं गावातली आहेत, त्यांनी ते रोज पाहिलंय. मुलांची निवड म्हणजे शेवटी आपण त्यांना जिथे नेतो तिथली निवड. त्यात भरवशाचं असं वेगळं काय?

वाईच्या_बाई

@पुण्यातला_बाबा, तुमचा मुद्दा रास्त आहे, नेलं नाही तर मूल सांगणार कुठून? म्हणून तर स्वतः पाहिलेलं हवं ही अट. पण "का" विचारलंत का? ट्रॅम्पोलीन म्हटलं तर त्यात उडी आहे, उंची आहे, पोटात गोळा येणं आहे. तेच दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या बोगद्यात आहे, कार्ल्याच्या पायऱ्यांत आहे. एकदा नेऊन मग विचारा आणि इथे येऊन सांगा.

दगडफूल

भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. भाचा आठवीत आहे. त्याची निवड निघोजचे रांजणखळगे. पारनेर तालुक्यात कुकडी नदीचं पात्र, मळगंगेच्या देवळाजवळ. काळ्या बेसाल्टमध्ये रांजणासारखे खोल गुळगुळीत खड्डे, एकाला एक लागून.

भाच्याचं कारण त्याच्या शब्दांत: "खड्डा करणारा अजून खड्ड्यातच आहे." उन्हाळ्यात पाणी ओसरलं की एखाद्या खळग्याच्या तळाशी गोल गरगरीत दगड पडलेला दिसतो. पुराच्या पाण्यात भोवरा तयार होतो, दगडगोटे त्यात गरगर फिरतात आणि खालचा खडक घासत नेतात. खडक झिजतो तसा दगडही झिजतो, म्हणून तो गोल. एक संपला की पुढच्या पुरात दुसरा येऊन पडतो. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा काढलंय, पण पोरगं खाली वाकून त्या गोट्यावर हात फिरवत होतं तेव्हा त्याला ते एका झटक्यात कळलं.

कृष्णाकाठ

रांजणखळगे सुंदरच आहेत, पण मुलांना नेणाऱ्यांनी नीट ऐका. कडा अत्यंत गुळगुळीत आहेत, शेवाळ असेल तर पाय ठरत नाही, आणि खळग्यात पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडलेलं असताना पात्रात उतरूच नये, झुलत्या पुलावरून बघावं. विहिरींचंही तेच. बारामोटेच्या विहिरीत वर्गच्या वर्ग कठड्याला लटकलेला पाहिलाय मी, पोटात धस्स झालं होतं. मुलांनी सुचवलंय म्हणून जा, पण हात मोठ्यांचाच धरलेला असू दे.

दगडफूल

@कृष्णाकाठ, शंभर टक्के अनुमोदन. आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच जातो आणि काठाकाठानेच फिरतो.

उनाड

बारामोटेच्या विहिरीबद्दल जरा सविस्तर सांगा ना कुणीतरी. बारा मोटा एकदम चालायच्या म्हणजे नक्की काय? आमच्या सातवीतल्या बाईसाहेबांनी वर वाचून विचारलंय: बैल पाणी ओढत पुढे गेले, मग मागे कसे यायचे? वळून?

रानमळा

माझ्या आजोबांकडे मोट, म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी होती, त्यामुळे हा प्रश्न माझा.

बैल वळत नसत. विहिरीच्या काठापासून पुढे उतरती वाट केलेली असायची, तिला धाव म्हणत. मोट पाण्यात बुडून भरली की बैल धावेवरून उताराला चालत जायचे, त्यामुळे ओढायला त्यांच्याच वजनाचा जोर मिळायचा. मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटाला लागायचं. मग मोट हाकणारा बैलांना तसंच मागे सरायला लावायचा, चढावर, उलट्या पावलांनी. मागे सरायला शिकलेला बैल ही किमती गोष्ट होती.

मोटेला दोर दोन. जाड तो नाडा, त्यावर सगळं वजन. बारीक ती सोल, मोटेच्या सोंडेला बांधलेली. वर येताना सोंड दुमडलेली राहते म्हणून पाणी सांडत नाही, आणि काठाशी आली की सोल सोंडेला खाली खेचते आणि पाणी आपोआप ओतलं जातं. कुणी हात लावायचा नाही. हे मुलांना चित्र काढून दाखवा, फार आवडतं.

लिंबची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. आमराईला पाणी द्यायचं होतं. नाव बारामोटेची, पण वर मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. मोजायला सांगा मुलांना.

उनाड

रानमळाकाका, बाईसाहेबांनी वहीत चित्र काढलं. तिचा पुढचा प्रश्न: बैलांना मागे सरायला किती दिवसांत यायचं?

रानमळा

बैलावर होतं बाळा. काही शहाणे लगेच शिकायचे, काहींना जोडीदार शहाणा मिळाला की यायचं.

कातळसडा

नमस्कार, मी रत्नागिरीची. खाली जे आहे ते माझ्या भाच्याने स्वतः टंकलंय, मी फक्त र्‍हस्व-दीर्घ बघितलं.

मी सातवीत आहे. मी आत्याच्या खात्यातून लिहितो आहे. आमच्याकडे आला तर मी तुम्हाला कशेळीचा हत्ती दाखवेन. तो जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर कोरला आहे. तो हत्ती पहिल्यांदा दिसतच नाही. नुसत्या रेषा दिसतात. मग रेषेच्या कडेकडेने चालायचं. आधी पाय येतो. मग पोट येतं. मग खूप चालल्यावर सोंड येते, तेव्हा कळतं की आपण हत्तीभोवती फिरतोय. तो सुमारे १८ मीटर लांब आहे. आणि हत्तीच्या आत पुष्कळ दुसरे प्राणी आणि मासे आहेत. ते शोधायची आम्ही शर्यत लावतो. पाय रेषेवर ठेवायचा नाही, नाहीतर बाद. माझी ताई म्हणते की तेव्हाच्या माणसांनी कोकणात गेंडा बघितला असणार, कारण गेंडाही कोरलाय. आता इथे गेंडा नाही. मग तो कुठे गेला हा माझा प्रश्न आहे. दुसरं ठिकाण देवाचे गोठणे. तिथल्या शिल्पाजवळ होकायंत्र नेलं की सुई चुकीची दिशा दाखवते. हे मी स्वतः बघितलंय. होकायंत्र घेऊन या.

वाईच्या_बाई

बाळा, तुझं हे लिहिणं उद्याच वर्गात वाचणार. "रेषेवर पाय पडला तर बाद" हा नियम सगळ्या महाराष्ट्राने पाळायला हवा.

गोदातीर

@कातळसडा, भाच्याला शाबासकी. कोकणातल्या या कातळशिल्पांची ९ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, कशेळी आणि देवाचे गोठणे दोन्ही त्यात आहेत.

आमच्या नाशिकच्या पोरांचं उत्तर दोन गटांत फुटलं. थोरला म्हणतो नांदूर मधमेश्वर, धाकटी म्हणते सिन्नरचं गारगोटी संग्रहालय. नांदूर मधमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची पाणथळ जागा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मधलं. थोरल्याचं कारण: "तिथे बोललं की पक्षी उडतात म्हणून बाबासुद्धा गप्प बसतात." धाकटीचं: "दगडाच्या आत दुकान असतं." म्हणजे दगड फोडला की आत हिरवे, गुलाबी, पांढरे स्फटिक निघतात ते.

दगडफूल

@गोदातीर, धाकटीला सांगा की त्यातले बरेचसे स्फटिक झिओलाइट नावाच्या खनिजांचे असतात आणि दख्खनचा बेसाल्ट त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. निघोजचे खळगे ज्या खडकात, कार्ल्याची लेणी ज्या खडकात, त्याच खडकाच्या पोटातलं हे.

आणि लोणारही याच खडकात! अजून कुणी लोणार कसं नाही लिहिलं?

विदर्भकन्या

लिहायलाच आले होते. मेहकरला माहेर. भाची सहावीत आहे आणि तिची निवड लोणार. कारण: "वरती गोड पाणी आहे, खालती खारं पाणी आहे, आणि मधे फक्त उतार आहे." काठावर धारेचं गोड पाणी अखंड पडत असतं, आणि खाली सरोवराचं पाणी खारट-अल्कधर्मी. शाळेच्या सहलीत बाईंनी लिटमस कागद नेले होते, लाल कागद निळा झालेला तिने वहीत चिकटवून ठेवलाय.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ही पोरगी रोज आजोबांना फोन करून विचारायची, आज कोणता रंग? पाणी कमी होऊन क्षार वाढले की मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसतं. हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सरोवर आजारी नव्हतं."

इतिहासवेडा

धागा छान आहे, पण एक खटकतंय म्हणून लिहितो. घंटा पोटात वाजते, विहीर गार आहे, हे ठीक. पण मेणवलीला नाना फडणवीसांचं कारभारी डोकं, वसईच्या मोहिमेतली माणसं, हे मुलांना कोण सांगणार? नुसती गंमत म्हणून बघितलं तर सिंधुदुर्ग आणि बागेतला किल्ला यात फरक काय राहिला? मुलांच्या पसंतीने ठिकाणं ठरवायची म्हणजे अवघड, गंभीर ठिकाणं मागे पडणार.

मालवणी_मासा

@इतिहासवेडा, सिंधुदुर्गाचं नाव काढलंतच तर ऐका. आमच्या वाडीतल्या चौथीतल्या पोराला विचारलं, किल्ल्यात काय बघायचं? म्हणाला, "बावी." दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी समुद्र, आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. त्याला पडलेला प्रश्न: "महाराजांना आधी पाणी सापडलं की आधी किल्ला ठरला?" १६६४ साली कुरटे बेट निवडताना हाच तर प्रश्न होता. पाणी नसेल तर वेढ्यात किल्ला टिकणार किती दिवस? पोराने गमतीतून थेट युद्धशास्त्रावर बोट ठेवलं. तटबंदीची लांबी पाठ केली असती तर तो इथवर आला असता का?

इतिहासवेडा

पोराचा प्रश्न खरोखर चांगला आहे. मान्य. पण उत्तर द्यायला शेजारी कुणीतरी जाणतं हवं, एवढंच माझं म्हणणं.

वाईच्या_बाई

त्याबद्दल वादच नाही. आधी प्रश्न पडू दे, मग आपण आहोतच.

सागरवेडी

किल्ल्यांचं चाललंय तर विजयदुर्गही घ्या. तिथे साहेबाचे कट्टे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तिथून हेलियमचा शोध लागला. आमच्या शाळेची मुलं अभिमानाने सांगतात.

खगोलप्रेमी

@सागरवेडी, कट्टे जरूर दाखवा, मुलांना ग्रहणाची गोष्टही सांगा, पण हेलियमचं मात्र तपासून सांगायला हवं. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांचं नाव विजयदुर्गाशी जोडलं जातं, पण ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची ठरलेली पिवळी रेषा नोंदवली. मुलं हे सगळीकडे सांगतील, म्हणून बरोबर सांगूया. ग्रहणाशिवायही सूर्याच्या कडेचा अभ्यास करता येतो हे त्या वर्षी कळलं, आणि ती गोष्ट काही कमी रोमांचक नाही.

आमची निवड: नारायणगावजवळचं खोडद. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्राच्या ३० दुर्बिणी, प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची, जाळीची. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं, शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. माझी पुतणी सांगते, "ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. म्हणून जवळ गेलं की सगळ्यांना फोन बंद करायला लावतात, मोठ्यांनासुद्धा." शेवटचे दोन शब्द तिने फार जोरात म्हटले.

सागरवेडी

धन्यवाद, शाळेत हे नक्की सांगते.

मी_सोलापुरी

नळदुर्ग! अजून कुणीच लिहिला नाही म्हणजे काय! किल्ल्यातच बोरी नदीवर बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम, १६१३ मधलं. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी असे दोन धबधबे सुटतात. आपण आत महालाच्या खिडकीत उभे, आणि पाणी आपल्या समोरून खाली पडतंय. अंगावर एक थेंब नाही.

मुलगी तिसरीत. कारण: "आपण धबधब्याच्या घरात जातो."

गोदातीर

@मी_सोलापुरी, या पावसाळ्यात नक्की. मुक्कामाची सोय कुठे होते?

मी_सोलापुरी

सोलापुरात करा, तासाभराचा रस्ता. पण धबधबे सुरू झालेत ना, ते निघण्याआधी कुणाला तरी विचारून घ्या. पाऊस कमी झाला तर पाणी महाल बघायला मिळतो, धबधबे नाहीत, आणि मग पोरं हिरमुसतात.

कोल्हापूरची_लेक

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. माझी मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते, आठवीत आहे. वरची यादी तिला वाचून दाखवली. तिने विचारलं, "यातल्या किती ठिकाणी पायऱ्या आहेत?" लेणी, किल्ले, विहिरी, सगळीकडे पायऱ्या.

तिची निवड रंकाळा. कारण: "काठाने सपाट रस्ता आहे, तिथे मी माझी खुर्ची मीच ढकलते. आई मागे राहते." दुसरी निवड खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. तिथे काही ठिकाणी उचलून घ्यावं लागतं, पण स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, भोवती ४८ खांब. तिचं म्हणणं, तिथे सगळ्यांनाच मान वर करून बघावं लागतं, उभ्या माणसालाही आणि बसलेल्यालाही.

बाई, तुमच्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढे पायऱ्या आहेत की नाहीत, एवढं लिहाल का?

वाईच्या_बाई

लिहिणार. उद्यापासून वर्गातल्या तक्त्यात तो रकानाच वाढवते. आणि स्वर्गमंडपाबद्दल तुमच्या लेकीने लिहिलंय ते जसंच्या तसं घेते. तिला माझा नमस्कार सांगा.

चिंगीची_आई

@कोल्हापूरची_लेक, डोळ्यात पाणी आलं. इथल्या सगळ्यांनीच आपापल्या ठिकाणांपुढे पायऱ्यांचं लिहूया का? माझ्यापासून सुरुवात: केळकर संग्रहालयात वरच्या मजल्यांवर जायला जिने आहेत.

दगडफूल

निघोज: देवळापर्यंत गाडी जाते, पात्रात खुर्ची नेता येणार नाही.

गोदातीर

नांदूर मधमेश्वर: निरीक्षण मनोऱ्यांना पायऱ्या आहेत, पण पक्षी खालूनही भरपूर दिसतात. दुर्बीण मात्र हवी.

नागपूरचे_आजोबा

नातवंडांनी दोन नावं दिली. एक, मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. दुसरं, झीरो माइल. धाकट्या नातवाचं म्हणणं, "या दगडी घोड्यांपाशी उभं राहिलं की सगळीकडचं अंतर मोजायला सुरुवात करता येते." चार घोडे आणि एक खांब, बघायला दहा मिनिटं पुरतात, पण पोरगा तिथून मुंबई कुठे, दिल्ली कुठे, असं हात करून दाखवत बसतो. झीरो माइलला पायऱ्यांचा प्रश्न नाही, रस्त्याकडेलाच आहे.

मुंबईची_मैना

आमच्याकडचं उत्तर ऐका. मुलगा पाचवीत. घारापुरीला शाळेची सहल गेली. परत येऊन म्हणाला, "एलिफंटाला एलिफंटच नाही." खरंच आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ते नाव दिलं, तो आता राणीच्या बागेत उभा आहे. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत १८६४ मध्ये तो फुटला, पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. मग आम्ही राणीच्या बागेत गेलो. सगळी गर्दी पेंग्विनपाशी, आणि माझा मुलगा हत्तीच्या अंगावरचे जोड शोधत फिरत होता. त्याची शिफारस: "आधी घारापुरी, मग राणीची बाग. उलटं केलं तर मजा नाही." बागेत रस्ते सपाट आहेत, घारापुरीला मात्र लेण्यांपर्यंत बऱ्याच पायऱ्या.

पुण्यातला_बाबा

बाईंनी सांगितल्याप्रमाणे रविवारी दोघांना कार्ल्याला नेलं. चढताना कुरकूर, मोबाईल हवा, पाणी हवं, सगळं झालं. चैत्यगृहात शिरल्यावर धाकटा वर बघत राहिला आणि विचारलं, "बाबा, दगडाच्या छताला लाकडाच्या कमानी कशाला? त्या काही धरून ठेवत नाहीयेत." मला माहीत नव्हतं. तिथल्या रखवालदाराने सांगितलं की लेणी कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या, म्हणून डोंगर कोरला तरी छताला लाकडी कमानी बसवल्या. लाकूड सुमारे दोन हजार वर्षांचं, अजून जागेवर. मोठ्याने मग टाळी वाजवून आवाज किती वेळ घुमतो ते मोजायला सुरुवात केली आणि दोघं तासभर हलेनात.

घरी येऊन पुन्हा विचारलं, पाहुण्याला कुठे न्याल? धाकटा: कार्ले. मोठा: ट्रॅम्पोलीन, पण कार्ल्यानंतर.

इतिहासवेडा

आणि रखवालदार ते जाणतं माणूस निघाला! फार बरं वाटलं वाचून. पुढच्या वेळी समोरच्या डोंगरातलं भाजेही दाखवा. भाजेचं चैत्यगृह कार्ल्याहून जुनं, दोन्हींत काय बदललं ते मुलांनाच शोधायला लावा.

वाईच्या_बाई

तुमचे सगळे प्रतिसाद दोन तास वाचून दाखवले. वर्गाची प्रतिक्रिया थोडक्यात: होकायंत्रावर सगळ्यांचा डोळा आहे. मोटेचं चित्र फळ्यावर काढलं तर मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या विहिरीला अजून चाक आहे." आता शनिवारी त्याच्या मळ्यात जाणार. ते ठिकाण कुठल्याच यादीत नाही, आमच्या यादीत मात्र पहिलं.

सहलीसाठी मतदान घेतलं. कार्ले आणि खोडद यांत चुरस झाली, खोडद जिंकलं. शाळेच्या सहलीला एसटीची सवलत मिळते, आगारात अर्ज करते आहे. प्रदर्शनासाठी मुलांनी मोटेची प्रतिकृती करायचं ठरवलंय, दोन्ही दोरांसकट. @रानमळा, सोलीचा दोर नक्की कुठून फिरवायचा ते कळलं नाही, सांगाल का?

रानमळा

नाडा वरच्या चाकावरून, सोल खालच्या आडव्या लाटेवरून. लाट विहिरीच्या काठाशी, चाकाच्या बरीच खाली. दोन दोरांच्या लांबीत फरक ठेवा, नाहीतर पाणी आधीच सांडेल. रविवारी चित्र काढून टाकतो.

खगोलप्रेमी

खोडदला आम्हीही असू. मोट चालू अवस्थेत आणा, पुतणीला बघायची आहे.